डोंगरावरचं पांढरं

पंचेचाळीस साली जर्मनांशी लढाई संपली त्या उन्हाळ्यात आमची पलटण इटलीच्या उत्तर टोकाला, उदिने शहराच्या पुढे एका नदीकाठी तंबू ठोकून बसली होती. गोळीबार थांबला होता आणि घरी जायचं जहाज कधी मिळेल हे साहेबालाही ठाऊक नव्हतं. सकाळी कवायत, दुपारी कपडे धुणं, संध्याकाळी फुटबॉल, आणि मधला सगळा वेळ समोर बघत बसणं. समोर बघण्यासारखं होतंही. नदीचं पात्र आमच्या कृष्णेहून कितीतरी रुंद, पण पाणी मधोमध ओढ्याएवढं आणि बाकी सगळे पांढरे गोटे. पात्राच्या वरच्या अंगाला डोंगरांची रांग उठली होती, एकामागे एक, आणि सगळ्यांत मागच्या डोंगराच्या माथ्यावर पांढरे पट्टे दिसत होते.

त्या पट्ट्यांवरून माझी आणि माझ्या जोडीदाराची जुंपली.

जोडीदार विट्याकडचा. त्याच्या घरी कोरडवाहू जमीन आणि मेंढरांचा कळप होता, आणि एक चुलता लांब मद्रासकडे सोनं गाळायच्या दुकानात होता. मी कराडच्या खालच्या अंगाचा, कृष्णाकाठच्या उसाच्या रानातला. बेळगावच्या डेपोत आम्ही बरोबरच भरती झालो आणि तेव्हापासून आमचे बिस्तरे शेजारी शेजारी पडत आले. तो बोलायचा थोडं, पण एकदा बोललेलं मागे घ्यायचा नाही.

"त्यो बरफ न्हाई," तो म्हणाला. "चुनखडी हाय."

"उंचावर ऱ्हातोय बरफ उन्हाळ्यात बी," मी म्हणालो. "शाळंच्या पुस्तकात हाय."

"पुस्तक लिवणारा गेलाता का वर?"

मागचा हिवाळा आम्ही बर्फातच काढला होता, पण तेव्हा तो काही बघायची गोष्ट नव्हती. खंदकात बुटांत शिरायचा, बोटं बधिर करायचा, रात्री गस्तीवरून येताना आमच्या पावलांचे ठसे शत्रूला दाखवायचा. त्याच्याकडे नीट बघायला सवड कुणाला होती? आता अंगातला सदरा काढून ठेवावा असं ऊन पडत असताना तो डोंगराच्या डोक्यावर कसा टिकतो, हा प्रश्न मला पडला, आणि पडला तो जाईना. चार दिवस आमची हीच हुज्जत चालू होती. शेवटी आमचा हवालदार, वाईजवळचा, वयानं मोठा माणूस, वैतागून म्हणाला, "जावा आन् हात लावून या दोघं. माजं डोस्कं उठवू नगा." आणि त्यानंच साहेबाला सांगून आम्हाला एक दिवसाची रजा मिळवून दिली.

वरच्या खोऱ्यातल्या एका चौकीला शिधा घेऊन जाणारी लॉरी पहाटे निघायची. तिनं आम्हाला डोंगराच्या पायथ्याच्या गावात सोडलं. संध्याकाळी परत येताना तिथंच उचलीन, पण थांबणार नाही, असं ड्रायव्हरनं बजावलं. आमच्याजवळ पाण्याच्या बाटल्या, चपात्या, कांदे आणि रेशनमधला गुळाचा खडा होता. हत्यार घेतलं नव्हतं. हत्याराशिवाय डोंगराकडे तोंड करून चालायचं म्हणजे सुरुवातीला खांद्याला काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं.

गाव दगडी घरांचं, एका टोकाला चर्चचा मनोरा. मधोमध दगडी डोणी, तिच्यात नळाचं पाणी अखंड पडतंय, आणि तिच्याशेजारी एक म्हातारी पाठीवर बुट्टी चढवत होती. बुट्टी म्हणजे आपल्याकडे डोक्यावर घेतात तशी नव्हे. वर रुंद, खाली निमुळती, वेताच्या विणीची, आणि तिला दोन पट्टे. ते पट्टे खांद्यांत अडकवून ती उभी राहिली, पदरासारखा बांधलेला रुमाल नीट केला, आणि एप्रनच्या खिशातून सुया आणि लोकर काढून विणायला लागली. विणत विणतच चालू पडली. आमचीही वाट तीच होती.

दीड वर्षात आम्हाला इटालियन भाषा मोडकीतोडकी येऊ लागली होती. भाकरी माग, पाणी माग, रस्ता विचार, एवढी. मी डोंगराच्या माथ्याकडे बोट करून तिला विचारलं, ते पांढरं आहे ते बर्फ आहे की दगड?

ती थांबली, वर बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ते बघायला निघालात?"

"होय."

"सैनिक आहात ना?"

"होय."

"आणि नुसतं बघायला?" तिला हसू आलं. उत्तर मात्र तिनं दिलं नाही. आपल्या सुनेकडे निघाले आहे, सून वरच्या कुरणात गाई राखते, तिथपर्यंत माझ्याबरोबर चला, तिथून पुढची वाट दाखवते, असं तिनं शब्दांनी कमी आणि हातांनी जास्त सांगितलं.

वाट फार चांगली होती. एवढ्या उभ्या डोंगराला इतकी सोपी वाट कशी, हे मला नवल वाटत होतं. पसरणीचा घाट जसा वळणं घेत चढतो तशी ती चढत होती, बाहेरच्या अंगाला रचलेल्या दगडांचा कठडा, पाणी वाहून जायला आडवी गटारं. आमच्याकडे डोंगरावरची पायवाट गुरांनी केलेली असते. ही कुणीतरी विचार करून आखलेली होती. मी म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, याच्या आधीची मोठी लढाई झाली ती वर खिंडीतच झाली. तोफा न्यायला सैनिकांनी ही वाट केली.

"आणि तोफगोळे?" तिनं स्वतःच पुढे विचारलं आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "आम्ही."

मला वाटलं माझी समजण्यात चूक झाली. तिनं पाठीवरच्या बुट्टीवर थाप मारली. खालच्या गावांतल्या बायका या असल्या बुट्ट्यांत तोफगोळे घालून वर खिंडीत पोचवायच्या, उतरताना कधी कधी जखमी माणूस खाली आणायच्या. ती तेव्हा लग्न झालेली, तान्हं पोर घरी ठेवून आलेली. मी हे जोडीदाराला मराठीत सांगितलं. त्यानं तिच्या पाठीवरची बुट्टी नीट बघितली. मग पुढे होऊन म्हणाला, "आज्जे, आण हिकडं ती बुट्टी. आमी काय रिकामं चालायचं?"

तिला मराठी कळायचं कारण नव्हतं, पण पुढे केलेला हात कळला. आधी ती नाही म्हणाली. मग तिच्या डोळ्यांत खोडकरपणा आला आणि तिनं बुट्टी त्याच्या पाठीवर चढवली. जोडीदार अंगानं धिप्पाड. मशीनगन खांद्यावर घेऊन तो डोंगर चढलेला. पण पहिल्या वळणावर बुट्टीतून त्याच्या मानेशी काहीतरी हललं आणि त्याच्या कानाजवळ कॉक्‌ असा आवाज झाला. तो असा दचकला की कठड्यावरून खालीच जायचा. पिठाच्या आणि मिठाच्या पिशव्यांवर तिनं एक कोंबडी पाय बांधून ठेवली होती. म्हातारी कठड्याला टेकून हसत राहिली. तिसऱ्या वळणानंतर जोडीदाराचे खांदे पट्ट्यांनी काचले. ते तिनं त्याच्या चालीवरून ओळखलं, आणि बुट्टी परत घेतली, आणि पुन्हा विणायला लागली.

जंगल मोठं होतं. खाली रुंद पानांची झाडं, त्यांच्या सावलीत गारवा आणि ओल्या पाल्याचा वास. मग एकाएकी ती संपली आणि सुरूसारखी सरळ, काळपट झाडं लागली. आणखी वर गेल्यावर तीही थांबली, आणि माणसाच्या गुडघ्याएवढी, जमिनीला चिकटून पसरलेली खुरटी झुडपं आली. जणू कुणी डोंगराला वेगवेगळ्या कापडांच्या पट्ट्या जोडल्या होत्या. मी प्रत्येक ठिकाणी थांबायचो, साल खरवडून वास घ्यायचो, पानं खिशात घालायचो. जोडीदाराचं लक्ष ओढ्यांकडे. एका ओढ्यात त्याला पिवळे चमकते कण असलेला दगड सापडला आणि तो तिथंच उकिडवा बसला. चुलत्याबरोबर काही महिने त्यानं भट्टीवर काढले होते. दगडावर दगड घासून, वास घेऊन, उन्हात फिरवून त्यानं खूप वेळ तपासलं.

"सोनं हाय का रं?" मी विचारलं.

"न्हाई. गंधकाचा वास येतोय." त्यानं तो फेकला नाही, खिशात टाकला. "चुलत्याला दावतो. त्येला बी दिसूंदे हितली माती कशी आसती."

झाडी संपल्यावर कुरण उघडलं. हिरव्या गवताचा मोठा उतार, आणि त्यात इतकी फुलं की पाय कुठं ठेवावा कळेना. आमच्याकडच्या कातळ सड्यांवर भादव्यात फुलं येतात, पण ती पायाशी बिलगलेली, बारकी. इथे गुडघ्याएवढ्या दांड्यांवर पिवळी, निळी, जांभळी. गाईंच्या गळ्यात मोठमोठ्या घंटा, प्रत्येकीचा आवाज वेगळा. कुठूनतरी शीळ यायची, अगदी माणसानं बोटं तोंडात घालून घालावी तशी. आम्ही दोघेही खाली वाकलो. सवयच तशी झालेली. म्हातारीनं बोट दाखवलं. घुशीसारखा, पण सशाहून मोठा, गुबगुबीत प्राणी बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभा होता आणि शीळ घालून बाकीच्यांना आम्ही आल्याची वर्दी देत होता.

"ह्येला सेंट्री नेमलाय," जोडीदार म्हणाला.

कुरणाच्या कडेला दगडी भिंतींचं, लाकडी छपराचं एक बसकं घर होतं. उन्हाळ्याचे महिने गाई घेऊन इथं राहायचं, दुधाचं लोणी आणि चीज करायचं आणि थंडी पडली की खाली उतरायचं. आमच्याकडेही मेंढरं घेऊन चाऱ्यामागं असेच मुक्काम हलवतात, म्हणून जोडीदाराला हे लगेच उमजलं. तो त्या घराभोवती फिरून गोठा, दावणी, खत टाकायची जागा सगळं बघून आला.

सून तिशीची असेल. उंच, गंभीर, बाह्या वर केलेल्या. तिनं सासूची बुट्टी उतरवून घेतली, कोंबडी सोडली आणि आमच्याकडे बघून मान हलवली. चुलीवर तांब्याच्या मोठ्या भांड्यात ती मक्याचं पीठ घाटत होती. घाटून घट्ट झालं तसं तिनं ते लाकडी पाटावर उलटं केलं. पिवळाधमक मोठा गोळा, वर वाफ. मग दोन्ही हातांत एक दोरा ताणून धरला आणि दोऱ्यानं त्याच्या वड्या पाडल्या. सुरीनं नाही, दोऱ्यानं. हे मी पुढे घरी बायकोला कितीदा सांगितलं, तिनं कधी करून बघितलं नाही. गाईचं मांस नको, एवढं आम्ही सांगितलं. त्यावर दूध ओतून तिनं आमच्यापुढे ठेवलं. चव अगदी मक्याच्या कण्यांची. जोडीदारानं पहिला घास घेतला आणि मान खाली घालून जेवत राहिला.

जेवताना सुनेनं विचारलं, तुम्ही कुठले? अमेरिकन?

"नाही," मी म्हणालो. "इंडिया."

सुनेचा हात थांबला. ती सासूकडे बघायला लागली, सासू तिच्याकडे. मग सून उठली आणि बाहेर गाईंकडे निघून गेली. म्हातारीनं सुया उचलल्या, पण विणलं नाही.

आम्हाला काही कळेना. या देशात आम्ही लढत लढत आलो होतो. कुणाच्या घरातलं कोण आमच्या गोळीनं गेलं असेल हे आम्हाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. आम्ही भराभर संपवलं, आभार मानले आणि उठलो. म्हातारी दारापर्यंत आली. खिंडीची वाट दाखवली आणि म्हणाली, दुपारी ढग उतरतात. ढग दिसले की परत फिरा.

वर चढताना आम्ही मागे वळून वळून त्या घराकडे बघत होतो. घर दिसेनासं झालं तेव्हा जोडीदार म्हणाला, "काय तरी चुकलं आपलं."

"नुसतं गाव तर सांगितलं."

"त्येच चुकलं आसंल."

खिंड जवळ आली तशी वाट सुट्ट्या दगडांतून जायला लागली. पांढरे, टोकदार, पायाखाली सरकणारे दगड. जोडीदारानं एक उचलला, दुसऱ्यावर घासला, पांढरी भुकटी निघाली. त्यानं ती जिभेला लावली आणि माझ्याकडे बघितलं. चुनखडी. सगळा डोंगरच चुनखडीचा होता. पण त्याच्या पुढच्या घळीत, जिथं कड्याची सावली दिवसभर हलत नसावी, तिथं बर्फ होता. स्वच्छ नव्हे, वर धूळ, झाडांच्या काड्या, मेलेले किडे. बुटानं वरचा थर खरवडला की आतून शुभ्र निघायचा. खालून पाणी वाहत होतं आणि बर्फाच्या पोटात त्यानं भुयार केलं होतं. वाकून आत बघितलं तर निळा उजेड. तिथं उकाडा शिरत नव्हता. थंडी भुयाराच्या तोंडातून माझ्या तोंडावर येत होती. ऊन, सावली, उंची, सगळं मिळून तो टिकत होता. पुस्तकात एक ओळ होती. समोर त्या ओळीचं हे सगळं पोट होतं.

"खालनं दिसत हुतं त्यातलं निम्मं माजं," जोडीदार म्हणाला.

"आन् निम्मं माजं."

आम्ही गूळ फोडला, आतला स्वच्छ बर्फ ओंजळीत घेतला आणि गुळाबरोबर खाल्ला. मिरजेच्या स्टेशनात भुशात घातलेला बर्फ मी लहानपणी चाटला होता, त्यापेक्षा याला काही वेगळी चव नव्हती. पण दात शिवशिवेपर्यंत खाल्ला. खिंडीच्या माथ्यावर जुने खंदक होते, कातळ फोडून केलेले, गंजलेली तार, एका कोनाड्यात विटलेला पत्र्याचा मग. तीस वर्षांपूर्वीचे. माझे वडील त्याच लढाईत इराकात बसऱ्याला होते आणि त्याच वेळी ती म्हातारी पाठीवर गोळे घेऊन इथवर येत होती. मी एका खंदकात उतरून उभा राहिलो. पलीकडे आणखी डोंगर, आणि त्यांच्या पलीकडे आणखी. ते कुठल्या देशाचे, हे विचारायला कुणी नव्हतं.

बघत राहण्यात ढगांकडे लक्ष राहिलं नाही. आले ते खालून आले, उलटे, दरीतून वर चढत. बघता बघता हातभर पलीकडचं दिसेना. आम्ही परत फिरलो, पण सुट्ट्या दगडांत वाट आणि बिनवाट सारखीच. थोडं उतरलो की कड्याचा काठ यायचा, पुन्हा वर. जोडीदाराच्या पायाखालचा दगड सुटला आणि खाली जाऊन आपटल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की आम्ही दोघेही जागच्या जागी बसलो. जुन्या लढाईतला न फुटलेला माल इकडे तिकडे पडलेला असणार, हेही मनात आलं. लढाईभर सहीसलामत राहून आता बर्फ बघायला येऊन मरायचं, असा विचार मला आला आणि मी तो जोडीदाराला सांगितला नाही.

घंटांचे आवाज येत होते, पण सगळीकडून. गाईसुद्धा धुक्यात भटकत असाव्यात. शेवटी जोडीदारानं तोंडाजवळ हात धरले आणि मेंढरं परतवायला घालतात तसली लांब आरोळी दिली. विट्याच्या माळावरची आरोळी त्या डोंगरात गेली आणि चार बाजूंनी परत आली. पुन्हा दिली. मग एका बाजूनं घंटा वाजली. चरणाऱ्या गाईची घंटा थांबत थांबत वाजते. ही एकसारखी, हातानं वाजवल्यासारखी वाजत होती. तो आरोळी द्यायचा, घंटा उत्तर द्यायची. आम्ही बसत, सरकत त्या आवाजाकडे उतरलो, आणि धुक्यातून ती सून पुढे आली. डोक्यावरून पोतं घेतलेलं, हातात गाईच्या गळ्यातली घंटा. तिनं आम्हाला नखशिखांत बघितलं, कुठं लागलं नाही याची खात्री केली, आणि वळून चालायला लागली. जोडीदार तिच्या मागून, "ताई, लय उपकार झालं बगा," असं मराठीतच म्हणत होता.

घरात शेकोटीजवळ बसवून त्यांनी आम्हाला गरम दूध दिलं. मग म्हातारीनं सांगितलं. तिचा मुलगा, म्हणजे या सुनेचा नवरा, लढाईच्या सुरुवातीलाच आफ्रिकेत पकडला गेला होता आणि तेव्हापासून इंडियात कैदेत होता. कुठे? तिनं ते नाव आधी मनात जुळवलं आणि मग म्हणाली, "बंगलोर."

सकाळच्या गप्प बसण्याचा उलगडा झाला. आम्ही दोघेही एकदम बोलायला लागलो. तिच्या मुलाला पकडणारे आमच्याच फौजेतले असतील, हे मला ठाऊक होतं आणि बहुधा तिलाही. ते कुणी काढलं नाही. तिला विचारायचं होतं ते वेगळंच. तिथे डोंगर आहेत का? हिवाळा असतो का? बर्फ पडत नाही तर नद्यांना पाणी कुठून येतं? गाई असतात का, त्यांना घंटा बांधतात का? लोक काय खातात? मी बंगलोर बघितलेलं नव्हतं आणि तसं सांगितलं.

"आपलाच देश आणि बघितला नाही?" ती म्हणाली.

"तुम्ही रोम बघितलंय?"

"मी समुद्र पण बघितला नाही," म्हातारी म्हणाली, आणि पहिल्यांदाच सून हसली.

मग मला जे खरोखर ठाऊक होतं ते आठवलं. मी चुलीतला कोळसा घेऊन फरशीवर रेघ ओढली. ही आगगाडी. हे पुणं. हे माझं गाव, गाडी आमच्या शिवेजवळून जाते, रात्री अंथरुणात आवाज ऐकू येतो. हे मिरज. हे बेळगाव, इथं आम्ही शिपाई झालो. आणि ही रेघ अशीच पुढे गेली की बंगलोर. एकच गाडी. सून पुढे सरकली आणि रेघेवर वाकली. तिनं माझ्या गावाच्या ठिपक्यावर बोट ठेवलं, तिथून बंगलोरपर्यंत नेलं. परत आणलं.

"किती लांब?" तिनं विचारलं.

"एक रात्र आणि वर थोडं."

तिनं मान हलवली. एवढंच तिला विचारायचं होतं असं दिसलं. नंतर ती उठली आणि आम्हाला चीजचा एक गोल बांधून दिला.

ढग वर सरकल्यावर आम्ही उतरलो, जवळजवळ पळतच. लॉरी गाठली. मुक्कामावर हवालदारानं विचारलं, काय निघालं? दोन्ही निघालं म्हटल्यावर तो म्हणाला, म्हणजे उद्यापासून पुन्हा भांडण. पण आम्ही भांडलो नाही.

पुढच्या वर्षी आम्ही देशात आलो. बेळगावहून सुटून घरी निघालो तेव्हा मी एकटाच होतो. जोडीदार आधीच सुटला होता. मिरजेला गाडी बराच वेळ थांबली. समोरच्या रुळावर दुसरी एक गाडी पाणी घ्यायला उभी होती आणि तिच्या खिडक्यांतून गोरी, रापलेली माणसं डोकावत होती. कानावर इटालियन शब्द पडले आणि मी खाली उतरून तिकडे गेलो. बंगलोरहून सुटलेले कैदी होते, मुंबईला निघाले होते, तिथून घरी.

मी त्यांच्या भाषेत बोललो तसे चारपाच जण एकाच खिडकीत गोळा झाले. मी कुठं कुठं होतो ते विचारायला लागले. एक सिसिलीचा, एक नापोलीचा. मी वरच्या डोंगरांविषयी विचारलं, तिथला कुणी आहे का?

"नाव काय त्याचं?" सिसिलीवाल्यानं विचारलं.

आम्ही त्याचं नाव विचारलंच नव्हतं. म्हातारी त्याला "माझा मुलगा" म्हणायची आणि सून "माझा नवरा". गाई, घंटा, नदी, आगगाडी, सगळ्याची विचारपूस झाली आणि नाव राहून गेलं.

"तिथले पुष्कळ आहेत," तो म्हणाला. पण त्यानं मान बाहेर काढून पुढच्या डब्याला ओरडून विचारलं. त्यांनी त्यांच्या पुढच्याला. तो प्रश्न खिडकीखिडकीतून गाडीभर गेला. आमच्या गाडीतले लोकही उभे राहून बघायला लागले की हे काय चाललंय. तेवढ्यात त्यांच्या इंजिनानं शिटी दिली. गाडी हलली. शेवटून दुसऱ्या डब्यातून एक माणूस कमरेपर्यंत बाहेर आला आणि मला बघून ओरडला, मी तिकडचा, पण पलीकडच्या दरीतला. घरं आहेत का उभी?

मी गाडीबरोबर चालत त्याला सांगितलं, मी बघितलं त्या गावातली घरं उभी आहेत, चर्च उभं आहे, पाणी चालू आहे. पलीकडच्या दरीतलं मला ठाऊक नाही. त्यानं हात हलवला. त्याला किती ऐकू गेलं कुणास ठाऊक.

जोडीदार मला विट्याच्या बाजारात भेटला तेव्हा मी हे सगळं त्याला सांगितलं. हॉटेलात चहा घेत बसलो होतो. त्यानं दोनदा सांगायला लावलं.

"अंगानं कसा व्हता त्यो पलीकडच्या दरीतला?" त्यानं विचारलं.

"बरा व्हता. रापलेला."

"हसत व्हता का?"

"वरडत व्हता. हसतोय का काय, कळलं न्हाई."

तो थोडा वेळ बशीत फुंकर घालत राहिला. "डोंगरातली माणसं एकमेकाला वळखत्यात," तो म्हणाला. "त्यो जाऊन सांगंल. मिरजंला एक गडी भेटला व्हता म्हणंल. मंग म्हातारी इचारंल, कसला गडी, नाव काय त्येचं, आन् त्येला सांगता न्हाई यायचं." एवढं बोलून त्यानं चहा संपवला, आणि नव्यानं घेतलेली मेंढरं बघायला मला बाजाराच्या खालच्या टोकाला घेऊन गेला.